१९७४ची येझदी घरीच उघडली आहे: टाकीचा मूळ रंग ठेवू की खरवडू?

मु.पो. पलूस
नमस्कार मंडळी. वडिलांची येझदी २५० मोटरसायकल, बी टाइप, १९७४ची. वडील साखर कारखान्यात चिटबॉय होते. ऊस लागणीच्या नोंदी, तोडणीच्या चिठ्ठ्या, रात्रीअपरात्री फडावर जाणं, सगळं याच गाडीवर. निवृत्त झाल्यावर गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी राहिली. आता मी ती उघडायला घेतलीय.

अवस्था सांगतो. किक फिरते, इंजिन जाम नाही. चेसिसवर वरवरचा गंज. मागच्या मडगार्डची खालची कड पार खाल्लीय. गोठ्याच्या हवेनं क्रोमची वाट लागलीय. टाकी मात्र बाहेरून बरी आहे: मरून रंग, हातानं ओढलेल्या सोनेरी रेघा अजून दिसतात, गुडघ्याच्या रबरापाशी रंग झिजून पत्रा उघडा पडलाय. आतून टाकी गंजलेली. उजव्या टूलबॉक्सच्या झाकणावर गावच्या पेंटरनं त्या काळी लिहिलेलं ‘श्री जोतिबा प्रसन्न’ आहे, तेही वाचता येतं.

रंगकाम शक्य तेवढं घरी करायचंय. शेड मोकळी आहे, मित्राचा कंप्रेसर मिळतोय. पण टाकीपाशी येऊन हात थांबतो. मूळ रंग ठेवावा की सगळं पत्र्यापर्यंत काढून नव्यानं मारावं? आणि आतला गंज कसा काढू?

दोन सायलेन्सर
पलूसकर दादा, टाकीला पॉलिश पेपर लावू नका. आधी पूर्ण वाचा.

येझदी हे नाव १९७३ला आलं. त्याआधी म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९६१पासून जावाच्याच नावानं गाड्या काढत होता. म्हणजे तुमची गाडी येझदी नावाच्या अगदी पहिल्या काळातली. म्हैसूरला मारलेला रंग आणि तिथल्या कारागिराच्या हातच्या रेघा आता कुठल्याच दुकानात मिळणार नाहीत, कारण १९९६ला कारखानाच बंद झाला. नवा रंग तुम्ही आणखी दहा वेळा मारू शकता. जुना एकदा गेला की गेला.

तेव्हाच्या रंगावर वेगळा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, नसायचा. त्यामुळे मऊ फडक्यानं बारीक रबिंग (घासून चमक आणायची पेस्ट) लावलंत की फडकं मरून होणार. घाबरू नका. तो वरचा मेलेला थर आहे, त्याखाली जिवंत रंग निघतो. फक्त कडांवर आणि रेघांवर रबिंग लावू नका, तिथला थर पातळ असतो. आधी साबणाच्या पाण्यानं धुणं, मग रबिंग, मग मेण. उघड्या पत्र्यावरचा गंज अगदी बारीक पेपरनं पुसून त्यावर मेणाचा जाड हात. एवढंच.

गुडघ्याचं रबर काढा. त्याखाली ऊन न लागलेला मूळ रंग सापडेल. मडगार्ड रंगवताना तोच नमुना रंग मिसळणाऱ्या दुकानात न्या. सीटखाली आणि टूलबॉक्सच्या आतही बघा.

तांबडा पांढरा
मला हे पटत नाही, आणि ते मोकळेपणानं सांगतो. मडगार्ड नवीन, चेसिस नवीन, क्रोम नवीन आणि मध्ये टाकी डागाळलेली, असं कसं दिसेल? ज्या माणसानं ही गाडी नवी कोरी शोरूममधून आणली, त्याला ती पुन्हा तशीच दिसावी की नाही? माझ्या वडिलांच्या राजदूतला मी पूर्ण नवा रंग दिला. गाडीभोवती ते कितीतरी वेळ फिरत होते. संग्रहालयात ठेवायची असेल तर गंज जपा. घरची गाडी घरच्या माणसांसाठी असते.

इंजिनाचं काम निघालं तर कोल्हापूरला उद्यमनगरात या. बोअर, लेथ, वेल्डिंग, सगळं एका गल्लीत होतं.

ग्रीसचे हात
रंगाचा वाद चालू द्या, पण दादा, क्रम चुकवू नका. आधी गाडी चालवा, मग रंगवा. गंजलेल्या रूपातच ती एकदा पूर्ण जोडून, सुरू करून, अंगणात फिरवून बघा. ऑइल कुठे गळतं, मडगार्ड टायरला कुठे घासतं, वेल्डिंग कुठे लागणार, हे सगळं नव्या रंगाआधी कळलं पाहिजे. नवीन मडगार्डावर भोक पाडायची वेळ आली की पहिला ओरखडा तुमच्याच ड्रिलचा असतो.

किक फिरते म्हणून थेट रस्त्यावर मात्र नेऊ नका. टू-स्ट्रोकच्या क्रँकचे ऑइल सील उभ्या गाडीत कडक होतात. मग डायनॅमोच्या बाजूनं बाहेरची हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. सील, क्रँकची बेअरिंगं, पॉइंट आणि कंडेन्सर आधी बघा. सायलेन्सरमधल्या जाळ्या काढून कार्बन साफ करा. कॉस्टिक सोड्यात बुडवणार असाल तर फक्त लोखंडी भाग बुडवा. ॲल्युमिनियम त्यात विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. हातमोजे आणि चष्मा हवाच.

खोलताना प्रत्येक टप्प्यावर फोटो घ्या. विशेषतः वायरिंगचे, केबल कुठून कुठे जातात त्याचे, आणि वॉशर कुठल्या बाजूला होता त्याचे. नटबोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, आत चिठ्ठी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: चेसिस नंबर. त्यावर लांबी (खड्डे भरायची पुट्टी) नको, ग्राइंडर नको, जाड पावडर कोटिंगही नको. आरटीओत त्याचा पेन्सिलनं ठसा घेतात. अक्षर भरलेलं किंवा घासलेलं दिसलं की संशय येतो, मग तुम्ही कितीही खरे असा. नंबरावर टेप लावून बाकी चेसिस साफ करा, नंबराची जागा हातानं पितळी ब्रशनं.

मु.पो. पलूस
सगळ्यांचे आभार. ग्रीसचे हात ताई, क्रम पटला. मागचं मडगार्ड आधी वेल्डिंगला देतो. रबर काढून बघितलं, खाली रंग इतका गडद आहे की बाकीच्या टाकीवरचा रंग उडालाय हे तेव्हा कळलं. आरसी बुकात रंग ‘मरून’ असाच लिहिलाय.

दोन सायलेन्सर दादा आणि तांबडा पांढरा भाऊ, दोघांचंही म्हणणं मनात आहे. वडिलांना विचारलं तर म्हणाले, “तुला काय करायचं ते कर, पण ती चालली पाहिजे.”

खारा वारा
रत्नागिरीहून. गंज हा आमचा रोजचा शेजारी, म्हणून टाकीच्या आतल्या भागाबद्दल लिहितो.

टाकीत नटबोल्ट घालून खुळखुळवणं हा जुना उपाय. सुटा गंज पडतो, पण कोपऱ्यात आणि मधल्या बोगद्याच्या खाली पोचत नाही, शिवाय एखादा नट आत अडकला तर डोकेदुखी. ॲसिड ओतलं तर गंजाबरोबर चांगला पत्राही खातं. माझ्या मते उत्तम उपाय म्हणजे वीज.

टाकी रिकामी करून साबणानं धुवा, तेलाचा अंश राहू देऊ नका. पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवा, चार लिटरला एक मोठा चमचा पुरतो. टाकी त्या पाण्यानं भरा. तोंडातून साधी लोखंडी सळई आत सोडा, पण ती टाकीला कुठेही टेकता कामा नये. तोंडावर रबराचं किंवा लाकडाचं बूच करून त्यातून सळई लोंबती ठेवा. बारा व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर घ्या, काळी वायर टाकीला, लाल सळईला. उलटं केलंत तर टाकीचा पत्राच झिजेल. सळईवर तपकिरी चिखल जमतो, तो मधूनमधून काढून साफ करायचा.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. सळई स्टेनलेस स्टीलची वापरू नका. त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं, ते विषारी असतं आणि मग ते पाणी कुठेच ओतता येत नाही. दुसरं, बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो. काम उघड्यावर करा, जवळ विडीकाडी नको, आणि क्लिप काढण्याआधी चार्जर बंद करा.

गंज गेला की टाकी भराभर धुऊन वाळवा आणि लगेच टू-टी ऑइल मिसळलेलं थोडं पेट्रोल आत घोळवा. उघडा पत्रा दमट हवेत बघता बघता पुन्हा तांबूस होतो. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे गाडी उभी ठेवायची असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका, आणि पेट्रोलच्या कॉकमधले जुने वॉशर बदला. टाकीला आतून लावायचं कोटिंग घ्यायचंच असेल तर इथेनॉल चालणारं आहे का ते डब्यावर वाचून घ्या, नाहीतर ते सुटून कार्ब्युरेटरमध्ये येतं.

नवीन चाक
माझ्या जुन्या यामाहा आरएक्सच्या टाकीला कॉकजवळ बारीक गळती आहे. रिकामी करून दोन दिवस उन्हात ठेवली तर गॅस वेल्डिंगनं झाळून चालेल का?

ग्रीसचे हात
नाही. कृपा करून नाही. उन्हात ठेवलेली रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. द्रव पेट्रोल स्वतः पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ, आणि बंद टाकीत वाफ आणि हवा मिसळली की स्फोट होतो, आणि पत्र्याच्या सांध्यात अडकलेलं पेट्रोल गरम झालं की वाफ पुन्हा तयार होते. टाक्यांचंच काम करणाऱ्याकडे द्या. ते आधी धुतात, वाफेनं साफ करतात, पाणी किंवा निष्क्रिय वायू भरतात आणि मगच आच देतात. घरी टाकीला ज्योत लावायचीच नाही.

रंगारी
मी इचलकरंजीत आयुष्यभर गॅरेजला रंगकाम केलं. आता हात थांबवलाय. पण मुलं घरी करतायत हे बघून बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधीचा रंग कसला आहे ते ओळखा. पांढऱ्या फडक्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचं थिनर घेऊन मडगार्डाच्या आतल्या बाजूला मिनिटभर दाबून धरा. रंग विरघळून फडक्याला आला तर लॅकर. सुरकुतला, फुगला तर इनॅमल. काहीच झालं नाही तर हार्डनर घातलेला टू-के. लॅकर किंवा इनॅमलवर नवा जोरकस रंग मारला की खालचा थर थिनर पिऊन उचलतो आणि सगळ्या पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात. तुमचं मडगार्ड तसंही वेल्डिंगला जातंय, ते पूर्ण पत्र्यापर्यंत काढा. सँडब्लास्टिंग चेसिसला चांगलं. पातळ पत्र्याला जोराची वाळू मारली की तो वाकडा होतो, म्हणून मडगार्डाला पेंट रिमूव्हर आणि हात. टाकी तर ब्लास्टिंगला देऊच नका, आत गेलेली वाळू पुढे पिस्टनपर्यंत पोचते.

उघड्या पत्र्याला नंतर बोट लावायचं नाही. ज्या दिवशी पत्रा उघडा केला त्याच दिवशी प्रायमर. गंज काढायला फॉस्फोरिक ॲसिडचं औषध वापरलंत तर ते पाण्यानं पूर्ण धुऊन, गरम हवेनं वाळवून मगच पुढे जा. आम्ल मागे राहिलं तर इपॉक्सी प्रायमर धरत नाही. मग दोन फडकी घ्या, एक थिनरनं ओलं, एक कोरडं. ओल्यानं पुसायचं आणि ते उडायच्या आत कोरड्यानं टिपायचं. नुसतं ओल्यानं पुसलं तर तेल एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं.

आता लांबी. आपल्याकडे रेडऑक्साइड मारून त्यावर लांबी ओढायची सवय आहे. ती सोडा. पॉलिस्टर लांबी रेडऑक्साइडला मऊ करते आणि पुढेमागे पापुद्रा होऊन सुटते. इपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी, हे बरोबर. जाडी दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे नको. खड्डा त्याहून खोल असेल तर हातोडी आणि ठोकळा घेऊन पत्रा आधी वर आणा. हार्डनर दोन-तीन टक्के. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला की वरच्या रंगात डाग उमटतो.

आणि लांबी पाण्यानं घासू नका. हे मी शंभरदा सांगितलं आणि शंभरदा कुणी ऐकलं नाही. लांबी सच्छिद्र असते, पाणी पिते. वरून वाळलेली दिसते, आत ओल राहते, आणि पुढच्या उन्हाळ्यात रंगावर फोड येतात. लोक रंगाला दोष देतात. कोरडी घासा, ठोकळ्यावर पेपर लावून: ८० नं आकार, १८० नं त्याचे ओरखडे, ३२० नं शेवट. धूळ फुप्फुसात जाते, मास्क लावा. मग सरफेसर, म्हणजे रंगाआधी पृष्ठभाग एकसारखा करणारा थर. त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा उडवून वाळू द्या आणि ६०० ते ८००च्या वॉटर पेपरनं पाण्यात घासा. जिथे काळं राहतं तिथे खड्डा, जिथे लगेच जातं तिथे उंचवटा. डोळ्याला न दिसणारं सगळं त्यात दिसतं.

मरून रंगाबद्दल खास. लाल जातीचे रंग कमी झाकतात. खाली पांढरा सरफेसर असला की मरून गुलाबी वाटतो आणि लोक कोटावर कोट चढवत जातात. करडा किंवा तांबूस सरफेसर घ्या. नमुना मागच्या बाजूला न तपासता पत्र्याच्या तुकड्यावर तोच सरफेसर, तोच रंग, वर क्लिअर असं पूर्ण करून, उन्हात टाकीशेजारी धरून बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मरून जुळला असं वाटतं आणि बाहेर आणला की वेगळाच.

गनचं नोझल १.३ किंवा १.४, सरफेसरला १.६च्या पुढचं. हवेचा दाब गनपाशी दोन बारच्या आसपास. अंतर वीतभर. हात मनगटातून वळवायचा नाही, अख्खा हात पत्र्याला समांतर न्यायचा. ट्रिगर पत्र्याच्या बाहेर दाबायचा, बाहेरच सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवायचा. मडगार्डाच्या कडा आणि आतली बाजू आधी, मोठा फुगवटा शेवटी. दोन कोटांत दहा-पंधरा मिनिटं. पहिला कोट विरळच दिसला पाहिजे. पहिल्याच कोटात झाकायला गेलात की ओघळ आला म्हणून समजा. कंप्रेसरच्या नळीत पाणी अडवणारा फिल्टर लावा, एक थेंब सगळं काम बिघडवतो. शेडची जमीन आधी पाण्यानं शिंपडा, धूळ बसते.

राइनकाठचा
रंगारी काका, तुमचं लिखाण वाचून हात शिवशिवायला लागले. मी जर्मनीत रंगाच्या कारखान्यात काम करतो. फक्त एका गोष्टीची भर घालायची आहे, आणि ती कुणी हलक्यात घेऊ नये.

टू-के रंगाच्या आणि क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्याबरोबर ते श्वासात जातं. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी झाली की पुढे अगदी थोड्या मात्रेनंही दम्याचा झटका येतो, आणि ती ॲलर्जी जात नाही. त्याचा वास धोक्याची पातळी ओलांडल्यावरच येतो, म्हणून कार्बनच्या मास्कचं फिल्टर संपलं हे नाकाला कळत नाही. सर्जिकल मास्क किंवा रुमाल तर अजिबात उपयोगाचा नाही. युरोपात २४ ऑगस्ट २०२३पासून ०.१ टक्क्याहून जास्त डायआयसोसायनेट असलेली वस्तू कामावर वापरणाऱ्याला आधी प्रशिक्षण सक्तीचं आहे. इथल्या पेंटरांना बाहेरून नळीनं शुद्ध हवा येणारा मास्क देतात.

पलूसकर, तुमची शेड गोठ्याला लागून आहे. घरातली माणसं आणि जनावरं, दोन्हींचा विचार करा.

तांबडा पांढरा
मग घरी रंगवायचं म्हणजे एनसीच मारावा का? त्यात हार्डनर नसतो.

रंगारी
एनसीला हार्डनर नाही, पटकन वाळतो, धूळ कमी बसते, चूक झाली तर घासून परत मारता येतो. आमची सगळी पिढी त्यावर शिकली. पण पेट्रोल सांडलं की तो विरघळतो, आणि दमट हवेत त्यावर पांढरट झाक येते, कारण थिनर उडताना पत्रा गार पडतो आणि हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं. पावसाळ्यात एनसीची गन हातात घेऊच नये. त्याचं थिनरही श्वासात जाण्यासारखं नाही, कार्बनचा मास्क आणि उघडी दारं हवीतच.

राइनकाठच्या मुलाचं म्हणणं खरं आहे. आमच्या बरोबरीच्या पेंटरांत खोकणारे किती आहेत ते मला माहीत आहे. तेव्हा कुणी सांगितलं नाही.

माझा सल्ला असा. खरवडणं, वेल्डिंगनंतरची सफाई, लांबी, घासकाम, रंग जुळवणं, हे सगळं घरी करा. नव्वद टक्के काम तेच आहे, आणि गॅरेजवाला त्यातच घाई करतो. बेसकोट (क्लिअरखालचा रंगाचा थर) हार्डनरशिवायचा असेल तर तोही चांगला मास्क लावून उघड्या शेडमध्ये मारता येईल. इपॉक्सी आणि सरफेसर ब्रशनं किंवा रोलरनं लावला तर फवारा उडत नाही, घासायला थोडं जास्त लागतं इतकंच. शेवटचा क्लिअर मात्र ज्याच्याकडे बूथ (फवारणीची बंदिस्त खोली) आहे त्याच्याकडून मारून घ्या. बेसकोटनंतर क्लिअर किती वेळात चढवायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढ्यात भाग तिथे पोचवा. लाज वाटायचं काही कारण नाही. तुमची मेहनत खालीच आहे.

दोन सायलेन्सर
कागदांबद्दल. आरसीवर मरून आहे आणि मरूनच राहणार, उत्तम. रंग बदलला असता तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे आरटीओत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागली असती. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, त्याबरोबर पर्यावरण कर. तुमची मुदत कधी संपली ते आधी बघा.

गाडी पन्नास वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे २०२१च्या व्हिंटेज नियमांत बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंतर ५,०००. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल केलेले चालत नाहीत. वडिलांना मागे बसवून बाजाराला जायचं असेल तर साधी नोंदणीच वाढवा.

मराठी आकड्यांची नंबर प्लेट असेल तर ती जपून घरात ठेवा. रस्त्यावर आता एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटच लागते, १ एप्रिल २०१९च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना.

मु.पो. पलूस
निर्णय झाला, आणि कामही बरंच पुढे गेलंय, म्हणून एकदम लिहितो.

टाकीला रबिंग लावलं. फडकं मरून झालं आणि खालून रंग असा वर आला की मी आणि बायको दोघं बघत राहिलो. रेघांना हात लावला नाही. झिजलेली जागा तशीच ठेवली, मेण लावलं. तांबडा पांढरा भाऊ, तुमचा मुद्दा मी विसरलो नव्हतो. वडिलांना टाकी दाखवून पुन्हा विचारलं, नवीन करू का? त्यांनी झिजल्या जागेवर तळवा ठेवला आणि म्हणाले, “हे माझ्या गुडघ्यानं झालंय. राहू दे.” मग विषयच संपला.

जोतिबाचं झाकणही तसंच ठेवलंय. बाकी मडगार्ड, चेसिस, चेनकव्हर पूर्ण नव्या रंगात. लांबी कोरडी घासली, काका. क्लिअर सांगलीच्या बूथमध्ये मारून घेतला. आतला गंज खारा वारा यांच्या पद्धतीनं काढला. इंजिनाचे सील बदलले, गाडी रंगाआधी अंगणात फिरवली.

नवीन मडगार्डावर टाकीसारख्या सोनेरी रेघा हव्यात. गावात रेडियमवाला आहे, त्याच्याकडून कापून घेऊ का?

रंगारी
रेडियमची रेघ अगदी एकसारख्या जाडीची येते, आणि टाकीवरची हातची. शेजारीशेजारी दोन्ही डोळ्याला वेगळ्या दिसतील. शिवाय मडगार्डाच्या वळणावर रेडियमची कड उचलते आणि तिथे चिखल धरतो. पाटी लिहिणारा जुना पेंटर शोधा. लांब केसांचा ब्रश, इनॅमल, आणि करंगळी पत्र्याला टेकवून एका दमात ओढायची रेघ. क्लिअर पक्का वाळलाय, त्यामुळे चुकली तर टर्पेंटाइनच्या फडक्यानं ओली असतानाच पुसता येते. आधी काचेवर ओढून दाखवायला सांगा. वळणावर हात थांबला नाही तर माणूस बरोबर.

तांबडा पांढरा
वडिलांचं वाक्य वाचलं. टाकी ठेवलीत ते बरोबर केलंत, मी माझं म्हणणं मागे घेतो. हातकणंगल्याला एक पेंटर आहेत, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं लिहितात. हात अजून स्थिर आहे. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

खारा वारा
जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जावा दिवस असतो, तुम्ही येणारच. पण तेव्हा पाऊस. रेघा आणि मेण मेच्या आत उरका. चेसिसच्या नळ्यांच्या आत, जिथे ब्रश जात नाही तिथे, मेणाचा गंजरोधक फवारा मारा. पाणी बाहेर पडायची भोकं रंगानं बुजलीत का ते तारेनं तपासा.

मु.पो. पलूस
रेघा झाल्या, बघत राहाव्या अशा. गाडी पूर्ण जोडली. एकच अडचण: हेडलाइट मंद, आणि हॉर्न दाबला की आणखी मंद होतो. बॅटरी नवीन, सहा व्होल्टची.

ग्रीसचे हात
नवीन रंगाच्या जवळजवळ प्रत्येक गाडीला हे होतं. वायर जिथे चेसिसला बसते तिथे आता इपॉक्सी, सरफेसर, रंग आणि क्लिअर असे थर आहेत, आणि त्यातून वीज जात नाही. सहा व्होल्टला तर थोडाही अडथळा सोसत नाही. अर्थच्या (वीज चेसिसमधून परतायच्या जोडणीच्या) बोल्टखाली वॉशरएवढीच जागा पत्र्यापर्यंत खरवडा, दात्यांचा वॉशर घाला, घट्ट करा आणि वरून ग्रीस लावा. हेडलाइटच्या वाटीपासून बॅटरीच्या अर्थपर्यंत एक वेगळी वायर ओढलीत तर आणखी उत्तम. इंजिन ते चेसिस जोड विसरू नका.

मु.पो. पलूस
खरवडलं, अर्थची वेगळी वायरही ओढली. लाइट सरळ झाला, हॉर्नही नीट. आता ब्रेक शू राहिलेत, जुने तेल पिऊन गुळगुळीत झालेत. नवीन पुण्यात मिळतील का?

दोन सायलेन्सर
नाना पेठेत विचारा. नाही मिळाले तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात. पण जुने शू टाकू नका, त्यांच्यावर नवीन लायनर चिकटवून मिळतं आणि मूळ शू ड्रमला जास्त चांगले बसतात. ड्रम लेथवर तपासून घ्या, मगच लायनर.